वेशीबाहेरून आलेल्या मंडळीला पत्र

प्रति,
मराठवाड्यातील बिशप, फादर, पाळक आणि मंडळ्यांचे पंच यांस

आदरणीय धर्मगुरूंनो आणि वडीलजनहो,



मी वसमतची. शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि अनेक वर्षे रविवारच्या शाळेत मुलांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगितल्या. हे पत्र आपल्या मंडळ्यांतल्या समलिंगी मुलांविषयी आणि मुलींविषयी आहे. ती कुठल्या दूरच्या शहरातली परकी माणसे नाहीत. ती आपल्याच घरांत जन्मली. आपण त्यांना बाप्तिस्मा दिला, नाताळच्या नाटकात मेंढपाळ आणि देवदूत केले, दहावीच्या परीक्षेला त्यांच्यासाठी प्रार्थना केली. पुलपिटावरून समलिंगी माणसांबद्दल 'घाण', 'विकृती', 'शेवटल्या काळाचे चिन्ह' असे शब्द येतात, तेव्हा ती समोरच्याच बाकावर आईशेजारी बसलेली असतात. माझे मागणे सरळ आहे. ही मुले जशी आहेत तशी मंडळीची पूर्ण सभासद आहेत, हे आपण उघड बोलून मान्य करावे, आणि देशाच्या कायद्यात त्यांना बरोबरीचे हक्क मिळावेत म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहावे.

हे मी खासगी पत्रात लिहू शकले असते. पण या मुलांशी आजवर जे दोन मायेचे शब्द बोलले गेले ते खासगीतच बोलले गेले, पाळकांच्या ओसरीवर, दार लोटून, हळू आवाजात. निंदा मात्र ध्वनिक्षेपकावरून झाली. ज्यांचा अपमान चारचौघांत होतो, त्यांच्या बाजूचा शब्दही चारचौघांतच यायला हवा.

मुंबई-पुण्याकडे अशा मुलांना थोडा तरी आधार आहे. मुंबईत १९९४पासून हमसफर ट्रस्ट काम करतो. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत पुस्तके लिहिली. वसमतच्या मुलाला यातले काहीच हाताशी नाही. आमच्या तालुक्यात ख्रिस्ती घरे मोजकी. कोणाचा मुलगा नांदेडला कुठल्या कॉलेजात आहे, कोणाच्या मुलीला कुठून स्थळ आले, हे उपासना सुटल्यावर सगळ्यांना कळते. एरवी हीच आपली ताकद आहे. दुखण्याखुपण्यात, मयतीत, लेकीच्या लग्नात हीच घरे धावून येतात. पण ज्याच्या मनात सांगता न येणारी गोष्ट आहे, त्याला याच जवळिकीची भीती वाटते. तो घरी बोलू शकत नाही, मंडळीत बोलू शकत नाही, आणि ख्रिस्ती म्हणून गावात आधीच वेगळा पडल्यामुळे बाहेरही त्याला फारसे कोणी नसते. मग तो शिक्षणाच्या निमित्ताने निघून जातो. सुट्टीत येतो, पण उपासनेला येत नाही. आपण म्हणतो, शहरात जाऊन पोरगं देवाला विसरलं. देवाची आठवण त्याला रोज होते. त्याला धास्ती असते ती आपली.

आमचे वसमत हळदीसाठी ओळखले जाते. ख्रिस्ती घरांतही लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात हळद लागते, आणि एक सल्ला आमच्याकडे सहज दिला जातो: अंगाला हळद लागू द्या, पोरगं आपोआप ताळ्यावर येईल. मुलाचा कल आईबापांच्या ध्यानात आला की ते घाबरतात, घाईने स्थळे पाहू लागतात आणि मंडळीतले जाणते त्यांना यातच शहाणपण आहे म्हणून सांगतात. अशा लग्नाचा पहिला घाव त्या मुलीवर बसतो, जिला कोणी काहीच सांगितलेले नसते. नवरा हात लावत नाही याचे कारण ती स्वतःच्या रूपात शोधते, स्वतःच्या वागण्यात शोधते, माहेरी येऊन रडते आणि पुन्हा सासरी पाठवली जाते. आणि जेव्हा मुलगीच समलिंगी असते, तेव्हा तिच्या मनाला विचारण्याचाही प्रश्न येत नाही. तिचे लग्न लावून दिले जाते, पुढचे सगळे ती सोसते आणि त्याला आपण संसार म्हणतो. लग्न लावताना आपण वधूवरांना देवासमक्ष विचारता की तुम्ही स्वखुशीने इथे उभे आहात का. उत्तर खोटे आहे हे ठाऊक असताना किंवा तसा दाट संशय असताना तो प्रश्न विचारणे, हा त्या विधीचाच अपमान आहे.

दुसरा उपाय प्रार्थनेने बरे करण्याचा. उपवास धरायला लावायचे, कपाळाला तेल लावायचे, डोक्यावर हात ठेवून दुष्ट आत्म्याला निघून जाण्याचा हुकूम करायचा. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. आयुष्यातले कठीण दिवस मी प्रार्थनेच्या बळावर काढले आहेत. म्हणूनच सांगते, जो आजारच नाही तो बरा करण्याची प्रार्थना माणसाला मोडून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये हा मानसिक आजार नाही असे जाहीर केले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले की, लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन मानले जाईल. डॉक्टरने केले तर जे गैरवर्तन ठरते, ते आपण प्रभूच्या नावाने करू नये. त्या प्रार्थनेनंतर मुलगा बदलत नाही. तो एवढेच समजून घरी जातो की देवाने आपले ऐकले नाही, म्हणजे देवालाही आपण नको आहोत. कोवळ्या वयाच्या जिवाला असे वाटायला लावण्याचे पाप मंडळीने आपल्या माथी घेऊ नये.

आपण मला शास्त्र दाखवाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी शास्त्राकडेच येते.

लेवीय पुस्तकातला अठरावा आणि विसावा अध्याय, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय, ही वचने मी अनेकदा वाचली आहेत. लेवीयच्या ज्या विसाव्या अध्यायात पुरुषाबरोबर निजणाऱ्या पुरुषाला मरणदंड सांगितला आहे, त्याच अध्यायात आईबापांना शाप देणाऱ्यालाही मरणदंड सांगितला आहे. त्याआधीच्या अध्यायात दोन जातींच्या सुतांचे वस्त्र घालू नये अशी आज्ञा आहे. आपल्यातला कोणीही पाळक या आज्ञा आज अमलात आणत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ख्रिस्ताच्या उजेडात नियमशास्त्र कसे वाचायचे हे मंडळीने पहिल्या शतकातच ठरवायला घेतले. रोमकरांस पत्रात पौल मूर्तिपूजेत आणि वासनेत बुडालेल्या जगाचे वर्णन करतो आणि लगेच दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी वाचकाकडे वळून बजावतो की, दुसऱ्याला दोषी ठरवणाऱ्या माणसाला स्वतःला कसलीच सबब उरत नाही. पहिल्या अध्यायावर आपण संदेश देतो आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यावर थांबतो. पौलाच्या काळच्या रोमी जगात गुलामांचा आणि कोवळ्या मुलांचा धनी लोक वापर करत. आयुष्यभर एकमेकांचे दुखणे-भागणे बघणाऱ्या, एकनिष्ठ राहणाऱ्या दोन माणसांविषयी त्या वचनांत काही सांगितलेले नाही. सदोमची गोष्ट तर पाहुण्यांवर जमावाने बलात्कार करायला येण्याची आहे, आणि सदोमचे पाप कोणते हे यहेज्केल संदेष्ट्याने सोळाव्या अध्यायात सांगितले आहे: गर्व, भरल्या पोटाची सुस्ती आणि गरिबाला हात न देणे.

पण मला आपल्याला त्या वचनांपाशी अडकवून ठेवायचे नाही. मला दाखवायची आहे ती शास्त्राने स्वतःच चाललेली वाट.

अनुवाद पुस्तकाचा तेविसावा अध्याय सुरू होतो तोच माणसांना बाहेर ठेवण्यापासून. ज्याचे पुरुषत्व छाटले गेले आहे त्याने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. मवाबी माणसाने येऊ नये, त्याच्या दहाव्या पिढीनेही येऊ नये. नियम स्पष्ट आहे, शंकेला जागा नाही. आणि तरीही पुढे रूथ येते. ती मवाबी आहे. ती बेथलेहेमात येते, तिथली सून होते, दाविदाची पणजी होते, आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव ठळक आहे. ज्या घराण्याला मंडळीचे दार बंद होते, त्याच रक्तातून तारणारा आला.

नंतर यशया येतो. छप्पन्नाव्या अध्यायात तो देवाचे वचन सांगतो की षंढाने स्वतःला वाळके झाड म्हणू नये. जे देवाचा करार धरून राहतात त्यांना देव आपल्या घरात, आपल्या भिंतींच्या आत, मुलामुलींहूनही थोर असे नाव देईल. अनुवादाने बाहेर ठेवलेल्याला यशया आत घेतो. शास्त्रात शास्त्रच पुढे जाते.

आणि मग प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार, एक षंढ, यरुशलेमात उपासनेला जाऊन रथातून परत निघाला आहे. ज्या मंदिराच्या नियमांत त्याला जागा नव्हती, तिथे तो इतक्या लांबून गेला होता. रथात तो यशयाचाच ग्रंथ वाचत आहे, त्रेपन्नावा अध्याय. त्याच गुंडाळीत तीन अध्यायांपुढे त्याच्यासाठी ठेवलेले वचन आहे. फिलिप त्याच्या रथात चढून बसतो, त्याला येशूची सुवार्ता सांगतो. वाटेत पाणी दिसते आणि तो माणूस विचारतो की माझ्या बाप्तिस्म्याला आता काय अडचण आहे. फिलिपाला अनुवाद पुस्तक पाठ असणार. अडचण त्याला सांगता आली असती. तो रथातून उतरतो आणि त्याच्याबरोबर पाण्यात जातो.

तो खजिनदार समलिंगी होता असे मी म्हणत नाही. त्याचे शरीर इतरांसारखे नव्हते, त्याला लेकरे होणार नव्हती, म्हणून धर्माने त्याला दाराबाहेर उभे केले होते, एवढेच मी म्हणते. बायबल ज्यांना आधी बाहेर ठेवते त्यांना पुढे आत आणते. या वाटेची दिशा ही आहे. आपण आज कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहोत, ते तपासा.

हा प्रश्न मी मराठवाड्यातल्या मंडळीला विचारते, कारण याचे उत्तर दुसऱ्या कोणाहीपेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असायला हवे. आपल्यातले बहुतेक जण कुठून आले? वेशीबाहेरून. आपल्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी नव्हते, देवळात पाऊल नव्हते. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे जालन्याला येऊन मातंग आणि महार समाजात काम केले आणि निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. ज्यांना गाव नव्हते त्यांना गाव दिले. त्या काळीही शास्त्राचा आधार देऊन विरोध करणारे होतेच. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनात दुष्काळातल्या अनाथ मुली आणि टाकलेल्या विधवा ठेवून घेतल्या. ज्यांना समाजाने पतिता ठरवले होते त्यांच्यासाठी त्यांनी कृपा सदन काढले. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण आपला विवेक त्यांनी कोणत्याही धर्माधिकाऱ्याच्या हवाली केला नाही. इंग्लंडातल्या आपल्या धर्मभगिनींशी त्या वर्षानुवर्षे पत्रांतून वाद घालत राहिल्या, आणि मूळ भाषा शिकून साधे बायकामाणसांना कळेल असे मराठी बायबल त्यांनी स्वतः सिद्ध केले. मराठी ख्रिस्ती परंपरा ही आहे: ज्यांना कोणी घेत नाही त्यांना घेणे, आणि शास्त्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचणे.

आजही आपण बरोबरी मागतोच आहोत. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात दलित ख्रिस्ती बाहेर ठेवले गेले. १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली, आपल्याला अजून मिळालेली नाही. आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, धर्म बदलला म्हणून आमचे दुःख कमी झाले नाही असे सरकारला सांगतो. ते खरे आहे. पण जिल्हाधिकारी कचेरीसमोर उभे राहून समतेची घोषणा द्यायची आणि रविवारी आपल्याच लेकराला असमान ठरवायचे, हे आपल्याला शोभत नाही.

काही वडीलजन म्हणतात, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. उलट इथे परदेशातून आला तो या माणसांना गुन्हेगार ठरवणारा कायदा. कलम ३७७ इंग्रज सरकारने १८६०च्या दंड संहितेत घातले, ते १८६२पासून लागू झाले आणि ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांपुरते ते रद्द केले. ज्या मिशनांनी आपल्याकडे सुवार्ता आणली आणि तिच्याबरोबर हा कडकपणाही आणला, त्यांच्या मातृमंडळ्यांनी पुन्हा शास्त्र उघडून वाचले आहे. १८१३मध्ये मुंबईत उतरलेल्या आणि पुढे अहमदनगरला शाळा नि छापखाने चालवणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचा वारसा आज युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्टकडे आहे. त्या मंडळीने १९७२मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या माणसाला पाळकपदाची दीक्षा दिली आणि २००५मध्ये समान विवाहाला पाठिंबा दिला. जालन्याचे काम ज्या स्कॉटिश परंपरेने केले तिच्या चर्च ऑफ स्कॉटलंडने २०२२मध्ये ज्या पाळकांची तयारी असेल त्यांना समलिंगी जोडप्यांची लग्ने लावण्याची मुभा दिली. ज्या अमेरिकन मेथडिस्टांपासून आपले मेथडिस्ट चर्च १९८१मध्ये स्वायत्त झाले, त्यांनी २०२४मध्ये समलिंगी पाळकांवरची बंदी उठवली. त्यांनी केले म्हणून आपण करावे, असे माझे म्हणणे नाही. पण त्यांचा दीडशे वर्षांपूर्वीचा कडकपणा आपण देवाची आज्ञा म्हणून जपायचा आणि त्यांचा आजचा पश्चात्ताप परदेशी म्हणून फेकून द्यायचा, याला न्याय म्हणता येत नाही.

आपल्या देशातल्या चर्चनेही हा विषय उघडला आहे. २ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयात सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती मुरलीधर यांनी ३७७विरुद्ध निकाल दिला. त्यानंतर ज्यांनी तो उलटवण्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठले त्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या, याचे मला फार वाईट वाटते. पण नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतातील चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेने याच काळात धर्मशास्त्रज्ञांना आणि समलिंगी व तृतीयपंथी माणसांना समोरासमोर बसवून बोलणे सुरू केले. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ पुन्हा जिवंत केले, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही, असे जाहीरपणे सांगितले. ते तेव्हा भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेचे अध्यक्ष होते. कॅथलिक चर्चची शिकवण अशा व्यक्तींना आदराने आणि करुणेने वागवा, अन्याय्य भेदभाव करू नका असे १९९२पासून लिहून सांगते, आणि डिसेंबर २०२३मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची वाट मोकळी केली, विवाहविधीपासून तो आशीर्वाद वेगळा ठेवून. नागपुरात आणि मुंबईत जे बोलले गेले ते वसमतच्या बाकापर्यंत पोहोचवण्याचे काम आपले होते. ते अजून बाकी आहे.

कायद्यातही काम बाकी आहे. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला आणि तो विषय संसदेवर सोपवला. त्यानंतर केंद्र सरकारने २०२४मध्ये काही खुलासे केले: अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एक कुटुंब मानावे, त्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल आणि खात्यावर एकमेकांना नामनिर्देशित (नॉमिनी) करता येईल, जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. गरिबाच्या घरात याच गोष्टींवर सगळे चालते. पण वारसा, दत्तक, निवृत्तिवेतन, दवाखान्यात सही करण्याचा हक्क, हे लग्नाशिवाय पक्के होत नाही. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा कायदेशीर हक्क मिळावा आणि मंडळीनेही त्यांच्या विवाहावर देवाचा आशीर्वाद मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्यातले अनेक जण यावर लगेच होकार देणार नाहीत, हे मी जाणते. तो वाद आपण शास्त्र उघडे ठेवून करू. पण त्या वादाचा निकाल लागेपर्यंत ज्यांनी थांबायचे ती माणसे जिवंत आहेत, त्यांची वये सरत आहेत.

आपली एक भीती मी ऐकून आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. आपण थोडे आहोत, आपल्यावर आधीच बाहेरून संशय घेतला जातो, प्रार्थनासभांवर नजर असते. त्यात हा विषय घेतला तर ख्रिस्ती लोक समाज बिघडवतात असे म्हणायला आणखी एक निमित्त मिळेल आणि मंडळीतही फूट पडेल. पण आपल्यावर बोट रोखणाऱ्यांना खूश करण्यासाठी आपल्यातल्याच सर्वांत एकट्या माणसाला पुढे ढकलायचे, हा मार्ग महायाजक कयफाने सुचवला होता, प्रभूने नव्हे. आणि मंडळी फुटण्याचे म्हणाल तर ती रोजच फुटते आहे. जे तरुण गुपचूप निघून गेले त्यांची नावे नोंदवहीत आहेत आणि जागा रिकाम्या आहेत.

म्हणून माझ्या विनंत्या लिहून देते.

पहिली: प्रभुभोजन, दृढीकरण, गायनमंडळ, तरुण संघ, रविवारच्या शाळेतले शिकवणे, यांतल्या कशापासूनही कोणाला समलिंगी असल्याच्या कारणाने दूर ठेवू नये, असा ठराव प्रत्येक मंडळीने करावा आणि तो उपासनेत वाचून दाखवावा.

दुसरी: कल बदलण्यासाठी उपवास, भुते काढणे, कोंडून ठेवणे, अशा गोष्टी आपल्या आवारात आणि आपल्या नावाने होऊ देऊ नयेत. ज्याला आधाराची गरज आहे त्याला जाणत्या समुपदेशकाकडे पाठवावे.

तिसरी: लग्नाआधी मुलाशी आणि मुलीशी पाळकांनी वेगवेगळे, आईबापांच्या माघारी बोलावे. नको असे उत्तर मिळाले तर लग्न लावू नये आणि त्या उत्तराचे कारण घरच्यांना सांगू नये.

चौथी: आईबापांना एकटे सोडू नये. आपले काय चुकले या विचाराने ते खचून जातात. महिला मंडळात आणि घरोघरच्या प्रार्थनेत त्यांना बोलता यावे, लेकराला घराबाहेर काढू नका हे त्यांना पाळकांच्या तोंडून ऐकू यावे. आमच्याकडे अजूनही पाळकांचा शब्द ऐकला जातो. तो शब्द मुलाचा जीव वाचवू शकतो.

पाचवी: चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेने आणि आपल्या धर्मज्ञान विद्यालयांनी या विषयावर केलेला अभ्यास मराठीत, सोप्या भाषेत मंडळ्यांपर्यंत आणावा. तो वाचण्याच्या सभेला समलिंगी ख्रिस्ती माणसांना बोलावून त्यांची साक्ष ऐकावी. ज्यांच्याविषयी आपण ठरवणार, त्यांचे ऐकल्याशिवाय ठरवू नये.

सहावी: जिथे आपण दलित ख्रिस्त्यांच्या हक्काचे निवेदन देतो, तिथेच समलिंगी नागरिकांच्या समान हक्काचेही निवेदन द्यावे, बिशपांच्या सहीने.

यांतल्या काही गोष्टींना कमिटी लागेल, सिनॉड लागेल, रोमची परवानगी लागेल. त्यासाठी वेळ घ्या, पण सुरुवात या वर्षीच्या वार्षिक सभेत करा आणि विषयपत्रिकेत हा विषय त्याच्या नावाने लिहा. एका गोष्टीला मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही. येत्या रविवारी आपण पुलपिटावर उभे राहाल, तेव्हा या लेकरांना दुखावणारे वाक्य उच्चारू नका, आणि ती देवाची लेकरे आहेत, इथली आहेत, असे एक वाक्य त्यांच्या आईबापांसमोर मोठ्याने बोला. माझ्या पत्राचे उत्तर मला नको. ते त्यांना द्या.

आपली,
मंडळीची एक सभासद आणि निवृत्त शिक्षिका
वसमत, जि. हिंगोली